वस्तीतला कोल्हा ग्राउंडहॉगची शिकार करतो का?

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील वस्त्यांत तांबडा कोल्हा ग्राउंडहॉग मारतो; मात्र सहसा पिल्लेच. ग्राउंडहॉग हा खारीच्या कुळातला, बिळात राहणारा प्राणी. पूर्ण वाढलेल्याचे वजन साधारण 2 ते 6 किलो, कोल्ह्याचे 3 ते 7. शिवाय ग्राउंडहॉगचे दात मजबूत आणि बिळाचे तोंड जवळच. असा सामना कोल्हा शक्यतो टाळतो. एप्रिल-मेमध्ये जन्मलेली ग्राउंडहॉगची पिल्ले मात्र उन्हाळ्याच्या सुरुवातीला बाहेर पडू लागतात आणि नेमकी तेव्हाच कोल्ह्याच्या जोडीला स्वतःची पिल्ले पोसायची असतात. त्यामुळे भरदिवसा शिकार दिसली, एवढ्यावरून कोल्हा पिसाळला असे समजू नये. ग्राउंडहॉगचे रिकामे बीळही तो खुशाल वापरतो. वस्तीत कोल्हा दिसला तरी त्याला खाऊ घालू नये. पाळलेले ससे, कोंबड्या रात्री बंदिस्त ठेवाव्यात.