आधी बादली टांगा, मग पडदा

गेल्या पावसाळ्यात भर दुपारी आमच्या शिवाजी पेठेतल्या घरात धाडकन आवाज झाला. पडद्याचा दांडा आईच्या खुर्चीवर आडवा पडला होता. आई नुकतीच चहा टाकायला उठली होती, म्हणून निभावलं.

दांडा महिन्यापूर्वी मीच बसवला होता. टिंबर मार्केटातून सागवानाचा तुकडा आणला, ब्रॅकेटं घरीच कापली, पॉलिश केलं. बसवल्यावर दांडा हातानं खाली दाबला. हलला नाही, मी खूश.

सुतारमामांनी येऊन जमिनीवरचा भुगा चिमटीत चोळला. म्हणाले, "भावा, तू दांडा गिलाव्याला टांगलायस, भिंतीला न्हाई."

हिशेब सरळ होता. स्क्रू दोन इंची, म्हणजे ५ सेंटीमीटर. त्यातले २ ब्रॅकेटच्या जाडीत गेले, अडीच गिलाव्यात. विटेत उरला जेमतेम अर्धा. शिवाय दांडा भिंतीपासून १२ सेंटीमीटर पुढं, आणि दोन स्क्रूंमधलं अंतर फक्त ३. एका ब्रॅकेटवर ४ किलो भार असला, तरी वरच्या स्क्रूला बाहेर खेचणारी ओढ सुमारे १६ किलोंची होते. मी दाबून बघितलं ते क्षणभर. ही ओढ मात्र रात्रंदिवस चालू. त्यात पावसाळी ओल आणि पडदा सरकवताना रोजचे हिसके. एक ब्रॅकेट उपटलं, दुसऱ्याची मान तुटली, कारण लाकडाच्या रेषा मी उभ्या ठेवल्या होत्या.

तेव्हा तुम्ही बसवणार असाल तर एवढं करा.

ब्रॅकेटच्या हाताच्या लांबीला लाकडाच्या रेषा जाऊ द्या. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडा, नाहीतर लाकूड चिरतं. दोन स्क्रू वर-खाली, निदान ८ सेंटीमीटर अंतरानं. मग तीच ओढ ६ किलोंवर येते.

ड्रिल मारताना भुग्याचा रंग बघा. गिलावा संपून विटेचा लाल भुगा आला, की तिथून पुढं ४ सेंटीमीटर फिशर, म्हणजे स्क्रू धरणारी प्लॅस्टिकची खुंटी, आत जाऊ द्या. आमच्याकडं त्यासाठी साडेतीन इंची स्क्रू लागला. भिंत कच्च्या विटांची असेल तर फिशरच्या भरवशावर राहू नका. खिडकीवरच्या लाकडी तुळईला जाड फळी पक्की करा आणि ब्रॅकेट तिच्यावर बसवा.

आता परीक्षा. दांडा आणि पडदे तोलून घ्या. एका ब्रॅकेटच्या वाट्याला येईल त्याच्या दुप्पट वजन दांडा टेकतो तिथंच टांगा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळं बादली पुरते. ती जमिनीपासून वीतभरच उंच ठेवा, खाली पोतं अंथरा. ब्रॅकेटच्या कडेनं भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी रेघ सुटली असेल किंवा वरच्या फटीत कागद शिरत असेल, तर स्क्रू नुसता आवळू नका; काढून नव्यानं बसवा.

नव्या ब्रॅकेटांना आम्ही असंच रात्रभर जोखलं. सकाळी आईनं चष्मा लावून आधी दोन्ही रेघा बघितल्या, मगच खुर्ची खिडकीखाली ओढली.