मुलगा कमी बोलतो, मॅनेजमेंटला घालावं का?

“चार लोकांत तोंड उघडत नाही हो, बीबीएला घालू की नको?” पालक हा प्रश्न हमखास विचारतात. मॅनेजमेंट म्हणजे बोलणं आणि बोलणं म्हणजे फाडफाड इंग्रजी, ही समजूत त्यामागे असते. गटचर्चेत आणि कॅम्पस मुलाखतीत इंग्रजी उपयोगी पडतं, यात वाद नाही. पण कामावर रुजू झाल्यावर खरा प्रश्न वेगळाच असतो: कोणती माहिती, कोणाला, कधीपर्यंत मिळायला हवी?

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९६०च्या दशकापासून मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांना ‘बिअर गेम’ नावाचा खेळ खेळायला लावतात. (पालकांनी दचकू नये, पेला कुठेच नसतो.) एक जण दुकानदार, दुसरा घाऊक व्यापारी, तिसरा वितरक, चौथा कारखानदार. आपसात बोलायचं नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी पुढे सरकवायची. मागवलेला माल हातात पडायला काही आठवडे लागतात. गिऱ्हाइकाची मागणी अख्ख्या खेळात एकदाच बदलते: आठवड्याला ४ पेट्या होत्या त्या ८ होतात आणि तिथेच राहतात.

एवढ्यावर सगळं कोलमडतं. दुकानातला साठा संपतो, दुकानदार घाबरून जादा मागवतो. घाऊक व्यापाऱ्याला वाटतं मागणी भडकली, तो त्याहून जास्त मागवतो. कारखान्यापर्यंत आकडा पोचतो तेव्हा तो फुगलेला असतो. उत्पादन वाढवून माल बाहेर पडतो, तोवर बाकीच्यांची गोदामं भरून वाहत असतात आणि ऑर्डर शून्यावर आलेली असते. शेवटी कारखानदाराला विचारलं की गिऱ्हाइकाची मागणी कशी असेल, तर तो कागदावर चढउतारांचे डोंगर काढतो. खरी मागणी मात्र एक पायरी चढून सपाट झालेली असते. खेळणारी मुलं हुशार असतात, बोलकीही असतात. मूळ विक्रीचा आकडा दुकानदाराच्या पलीकडे कोणालाच दिसत नाही, घोळ तिथे आहे.

ऑर्डरचा आकडा असा पायरीपायरीने फुगत जाण्याला ‘बुलव्हिप इफेक्ट’ म्हणतात. प्रॉक्टर अँड गॅम्बलला तो पॅम्पर्समध्ये दिसला. बाळांना डायपर रोज साधारण सारखेच लागतात, तरी वितरकांच्या ऑर्डर मात्र भलत्याच खालीवर होत होत्या. याच कंपनीने १९८०च्या दशकाच्या अखेरीस वॉलमार्टबरोबर विक्रीचे आकडे वाटून घ्यायला सुरुवात केली, आणि आज मोठ्या कंपन्यांत ही पद्धत रुळली आहे.

खालची माहिती वर न पोचण्याची किंमत पैशापेक्षाही मोठी असू शकते. २८ जानेवारी १९८६ला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर हवेतच फुटून ७ अंतराळवीर गेले. आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी थंडीत उड्डाण नको असं सांगितलं होतं. चौकशी आयोगाला आढळलं की अंतिम निर्णय घेणाऱ्यांपर्यंत तो विरोध गेलाच नव्हता.

आता नोकऱ्यांचं. डिमांड प्लॅनर, सप्लाय चेन ॲनालिस्ट, बिझनेस ॲनालिस्ट, ईआरपी कन्सल्टंट ही सगळी माहिती वाहती ठेवण्याचीच कामं. सुरुवात बहुधा एमआयएस एक्झिक्युटिव्ह म्हणून होते, म्हणजे रोज सकाळी तोच रिपोर्ट. कंटाळवाणं आहे, लपवण्यात अर्थ नाही. पण कोणता आकडा कोण वाचतं आणि कोणता कोणीच वाचत नाही, हे तिथेच कळतं. मुखदुर्बळ पण नेमकं लिहिणारी मुलं या कामात चांगली रुळतात, असं माझं मत आहे. मीटिंगमध्ये दोन वाक्यं बोलावी लागतील, तेवढी सवय करावी.

महाराष्ट्रात २०२४-२५पासून एआयसीटीईच्या मान्यतेखालील बीबीए, बीएमएस, बीसीएसाठी राज्याची सीईटी सुरू झाली, त्यामुळे बारावीच्या वर्षातच अर्जाच्या तारखांवर लक्ष ठेवा. पुढे याच विषयात खोल जायचं असेल तर पवईचं आयआयएम मुंबई आहे. हे १९६३ साली सुरू झालेलं पूर्वीचं नीटी, कारखानदारी आणि पुरवठा साखळीसाठी ख्यातनाम. एमबीएच्या प्रवेशाला कॅट द्यावी लागते.

आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासची फी भरण्याआधी मुलाला सुट्टीत ओळखीच्या एखाद्या औषधांच्या होलसेलरकडे बसवा. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते की फोनवर, ती टॅलीत कोण चढवतं, माल संपल्याचं सेल्समनला केव्हा कळतं, हे त्याने एका पानावर लिहून मालकाला दाखवावं.