सणाच्या दिवशी मुलांचा प्रश्न

निर्गमाच्या 12 व्या अध्यायातील 26 वे वचन आपण सहज वाचून पुढे जातो. वल्हांडणाचा हा विधी कशासाठी, असे मुले विचारतील हे गृहीत धरूनच तेथे सण नेमिला आहे. उत्तर देणे आईबापांकडे आहे.

यहूदी घरांत ही रीत आजही चालते. जेवणापूर्वी सर्वांत लहान मूल त्या रात्रीचे वेगळेपण विचारते. बेखमीर भाकर व कडू भाजी समोर असतात. त्या दाखवून वडील मंडळी मिसर देशातून झालेल्या सुटकेची हकीकत सांगतात. कित्येक घरी भाकरीचा तुकडा लपवितात व मुले तो शोधतात, म्हणजे ती पेंगत नाहीत. युक्ती मोठी शहाणपणाची! आपल्या कोकणातील बेने इस्राएलांचा हा विधी मराठी भाषांतरासह 1874 साली पुण्यास छापिला गेला.

आणि आपला नाताळ? करंज्यांच्या गडबडीत मूल विचारते, "बाळाला गव्हाणीत का निजविले?" आपण म्हणतो, "गप्प बैस, काम आहे." आम्हांस वाटते, त्यास चुलीपासून हातभर दूर बसवावे व तळता तळताच सांगावे की, त्या आईबापांस उतरावयास जागा मिळाली नाही. मग आपल्या गोठ्यातील गव्हाण दाखवावी. तिच्यात हात घालून कडबा किती टोचतो हे त्यास पाहू द्यावे. रात्री तीच गोष्ट त्याने आजीस सांगावी.