अमेरिकेत राजकीय पक्ष कसे जन्मले?



अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली फिलाडेल्फिया येथे तयार झाली. तिच्यात राजकीय पक्षांचा उल्लेखच नाही. पक्ष म्हणजे देशात फूट, असे बहुतेक घटनाकारांना वाटे. तरीही दहा वर्षांच्या आत तेथे दोन पक्ष उभे राहिले. असे का घडले, ते आपण पाहू.

१७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या मंत्रिमंडळात अलेक्झांडर हॅमिल्टन अर्थमंत्री, तर थॉमस जेफरसन परराष्ट्रमंत्री होते. हॅमिल्टन यांना बलवान केंद्र सरकार, व्यापार आणि कारखाने हवे होते. जेफरसन यांना राज्यांचे अधिकार आणि स्वतंत्र शेतकरी महत्त्वाचे वाटत. (त्यांच्या स्वतःच्या शेतांवर मात्र गुलाम राबत, हेही आपण विसरू नये.)

पहिला वाद कर्जाचा. स्वातंत्र्ययुद्धात राज्यांनी काढलेले कर्ज केंद्राने फेडावे, असे हॅमिल्टन म्हणाले. आपले बरेचसे कर्ज फेडून बसलेल्या व्हर्जिनियासारख्या राज्यांना हा अन्याय वाटला. १७९० मध्ये तडजोड झाली : कर्ज केंद्राने घ्यायचे आणि राजधानी दक्षिणेकडे, पोटोमॅक नदीकाठी वसवायची.

१७९१ मध्ये राष्ट्रीय बँकेचा प्रश्न आला. घटनेने जो अधिकार दिलेला नाही, तो केंद्राला नाही, असे जेफरसन यांचे म्हणणे. सोपवलेली कामे पार पाडण्याची साधने त्या अधिकारातच येतात, हे हॅमिल्टन यांचे उत्तर. वॉशिंग्टन यांनी दोघांची मते लेखी मागवली आणि अखेर बँकेच्या विधेयकावर सही केली.

१७९३ मध्ये ब्रिटन व फ्रान्स यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा मतभेद आणखी वाढले. हॅमिल्टन यांचा फेडरलिस्ट पक्ष ब्रिटनकडे झुकला, तर जेफरसन व मॅडिसन यांचा रिपब्लिकन पक्ष फ्रान्सकडे. (आजचा रिपब्लिकन पक्ष वेगळा, तो १८५४ मध्ये स्थापन झाला.) १७९६ मध्ये निरोप घेताना वॉशिंग्टन यांनी पक्षभेदापासून सावध राहण्याचा इशारा दिला.

दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स हे फेडरलिस्ट होते. त्यांच्या काळात, १७९८ मध्ये, सरकारची बदनामी करणारे खोटे लिखाण गुन्हा ठरवणारा कायदा झाला. त्याखाली विरोधी बाजूचे संपादक तुरुंगात गेले. विरोधक म्हणजे देशाचा शत्रू, असेच जणू मानले गेले.

पण १८०० च्या निवडणुकीत अ‍ॅडम्स हरले. जेफरसन व अ‍ॅरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडल्याने निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली आणि ३६ व्या फेरीत जेफरसन निवडून आले. ४ मार्च १८०१ रोजी सत्ता शांततेने विरोधकांच्या हाती गेली.

आम्हाला या पाठातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. मतभेद असणारच, पण हरलेल्याने खुर्ची सोडणे आणि जिंकलेल्याने विरोधकाला जगू देणे, यावरच लोकशाही टिकते.

विचार करा :
१. बँकेच्या वादात तुम्हाला कोणाचे म्हणणे पटते? का?
२. सरकारवर टीका करणे आणि देशाशी द्रोह करणे, यांत फरक कोणता?