बाराच्या बंदुकीत विसाचे काडतूस

उज्जैनच्या रेल्वे स्थानकाजवळील देवास गेटला ज्या गावाचे नाव आहे, त्या देवासवर पवारांचे, इंदुरावर होळकरांचे आणि खुद्द उज्जैनवर शिंद्यांचे राज्य १९४८ पर्यंत होते. त्या काळातील विलायती दुनळी बंदुका माळव्यातील काही जुन्या घरांतून आजही वारशाने चालत आल्या आहेत. अशा घरात बारा बोरच्या बंदुकीबरोबर वीस बोरचीही बंदूक असली, की एकीची काडतुसे दुसरीत वापरता येतील काय, असा प्रश्न कधीतरी निघतोच. त्यावर ‘ॲडॅप्टर’ नावाचा उपाय आहे. तो समजून घेण्यापूर्वी बोर म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसते ती बारा बोरची नळी होय. वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होते. म्हणून आकडा वाढला की नळी अरुंद. बारा बोरच्या नळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, वीसचा १५.६. (चारशे दहा बोरला मात्र हा हिशेब लागू नाही. तेथे .४१० इंच हा प्रत्यक्ष व्यासच आहे.)

ॲडॅप्टर ही धातूची आखूड नळी असते. बाहेरून तिचा आकार बाराच्या काडतुसासारखा, तर आत विसाचे किंवा चारशे दहाचे काडतूस बसेल एवढी पोकळी. बंदूक मोडून ती काडतुसाच्या जागी बसवितात. छर्रे कमी असल्याने खांद्याला धक्का कमी बसतो. नवशिक्यांना सराव देण्यासाठी परदेशांत तिचा उपयोग होतो तो याचसाठी. मात्र पुढची नळी रुंदच राहते, त्यामुळे वायू कडेने निसटून छर्‍यांचा वेग काहीसा घटतो. आपल्याकडे बारा बोरचीच काडतुसे सर्वाधिक प्रचारात आहेत. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्यातही ती तयार होतात. तेव्हा काटकसर म्हणून या खटाटोपाला फारसा अर्थ नाही.

काडतूस लहान म्हणून दाबही कमी, ही समजूत चुकीची आहे. प्रमाणित मानकांत वीस बोरचा कमाल दाब बारापेक्षा किंचित अधिकच धरलेला आहे. शिवाय आखूड ॲडॅप्टरच्या तोंडापुढे तो वायू जुन्या नळीतच शिरतो. पोलादाच्या पट्ट्या पिळून घडविलेल्या, काळ्या दारूच्या काळातील नळ्या त्यामुळे सुरक्षित होत नाहीत. गावातील लेथवर ॲडॅप्टर करवून घेणे तर सर्वथा वर्ज्य समजावे.

खरा घात होतो तो ॲडॅप्टर विसरला असता. विसाच्या काडतुसाची कड सुमारे १९.४ मिलिमीटर. बाराच्या बंदुकीत काडतूस बसण्याची जागा त्याहून रुंद आणि पुढची नळी त्याहून अरुंद असते. काडतूस आत घसरते व नळीच्या तोंडाशी अडकते. चाप ओढल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. मनुष्य बंदूक मोडून पाहतो, जागा रिकामी दिसते, भरायचे राहिले असे वाटून तो बाराचे काडतूस घालतो. पुढच्या बाराला पाठीमागचा स्फोट पुढच्या काडतुसावर आदळतो आणि नळी फुटते, तीही डाव्या हाताची बोटे जेथे नळीला धरून असतात तेथेच. अमेरिकेत विसाची काडतुसे पिवळ्या रंगाचीच करण्याचा प्रघात पडला तो यामुळेच. दोन बोरची काडतुसे एका खिशात वा एका पेटीत कधीही ठेवू नयेत.

कायद्याची बाजूही आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये मिळणाऱ्या परवान्यात काडतुसांचा प्रकार व संख्या नमूद असते. ॲडॅप्टर जवळ आहे एवढ्यावरून परवान्याबाहेरच्या बोरची काडतुसे बाळगता येत नाहीत. तसा विचार असल्यास प्रथम जिल्हा दंडाधिकारी कार्यालयात विचारणा करावी. बंदुकीची दुरुस्ती वा फेरफार परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावेत. पिकात शिरणाऱ्या नीलगाईवर वा रानडुकरावर परस्पर गोळी झाडण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मनाई करतो, मग बोर कोणताही असो.

‘टक्’ आवाज आल्यास बंदूक निर्धोक दिशेला रोखून अर्धा मिनिट थांबावे. नंतर ती मोडून, काडतूस असल्यास बाहेर काढून, मागच्या बाजूने दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे पाहावे. उजेडाचे पूर्ण वर्तुळ दिसले नाही, तर दुसरे काडतूस हातातसुद्धा घेऊ नये.