हवेवर फिरणारे इंजिन : घरी करून पाहा, हिशेब समजून घ्या



साकोलीच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात कोणी ना कोणी सांगतोच, "हवेवर चालणारं इंजिन आलंय. डिझेल नको, वीज नको." ऐकले की आपल्या विहिरीवरचा पंप डोळ्यांपुढे येतो आणि हात खिशाकडे जातो. पैसे मोजण्यापूर्वी असे इंजिन घरीच करून पाहावे, म्हणून हा पाठ. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून मुलांना विज्ञान शिकवले. तीच वाट आम्ही धरली.

साहित्य : औषधाच्या दुकानातून आणलेली १० मि.लि.ची कोरी सिरिंज (वापरलेली नको), लहान मुलांच्या सायकलचे पुढचे चाक, एक स्पोक, बारीक कडक तार, ३ मि.मी.चा छर्रा, पारदर्शक नळी, फळी आणि टाकीतच हवेचा दाब भरणारा लहान फवारणी पंप. पंप औषधाचा असेल तर आधी स्वच्छ धुऊन वाळवा.

कृती :

१) चाकाचा आस फळीवर पक्का करा. हबच्या कडेवरील एका भोकात लहान बोल्ट बसवा. ही झाली क्रँक. आसाचे पुढचे टोक आड येत असेल तर कापून घ्या.

२) सिरिंजचा दट्ट्या आखूड कापा. स्पोकच्या तुकड्याने तो क्रँकला असा जोडा की दोन्ही टोके सहज हलतील. सिरिंजचे तोंड चाकापासून लांब ठेवून ती आसाच्या रेषेत बांधा. दट्ट्या पूर्ण आत गेला तरी पुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा राहू द्या.

३) दट्ट्याच्या रबरावर मधोमध तार रोवा. दट्ट्या आत गेल्यावर ती सिरिंजच्या तोंडातून २ मि.मी. बाहेर यावी, इतकीच लांब ठेवा.

४) नळीत छर्रा टाकून नळी तोंडावर चढवा, तारेने आवळा. छर्रा नळीत सैल हलला पाहिजे.

५) दट्ट्या पूर्ण बाहेर ओढला असता रबराच्या काठापुढे, तोंडाच्या बाजूला, तापल्या सुईने दोन भोके पाडा.

रबराला थेंबभर एरंडेल लावा, पंपाचा नोझल काढून नळी जोडा, दाब भरा आणि चाकाला हाताने गती द्या.

चालते कसे? हवेच्या दाबाने छर्रा तोंड बंद ठेवतो. दट्ट्या आत आला की तार छर्ऱ्याला ढकलते, हवा शिरते आणि दट्ट्या मागे रेटला जातो. शेवटी भोके उघडी पडतात, हवा फुस्स करून निघते. चाकाचा वेग दट्ट्याला पुन्हा आत आणतो. ज्या बाजूने ढकलाल त्या बाजूने चाक फिरते. फिरत नसेल तर बहुधा नळी गळते, दट्ट्या जड जातो किंवा तार आखूड आहे.

सावधान : दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलोच्या वर नेऊ नका. तेवढ्यानेही दट्ट्यावर सुमारे साडेतीन किलोचा जोर येतो. काचेची बाटली किंवा जुना डबा हवेची टाकी म्हणून कधीही वापरू नका. फुटला तर डोळा जाईल. मुलांनी मोठ्यांसमोरच करावे.

आता हिशेब. चाक थांबले की पुन्हा पंप मारावा लागतो. म्हणजे चाक फिरवले कोणी? आपल्याच दंडाने. शिवाय हवा दाबताना पंप गरम होतो. ती ऊब वाया जाते. म्हणून घातलेल्या कष्टापेक्षा मिळालेले काम नेहमी कमीच भरते. हवा इंधन नव्हे. डिझेल शक्ती देते, हवा फक्त ती साठवते.

म्हणून दाबलेली हवा निरुपयोगी आहे असे नव्हे. आल्प्समधला फ्रेजूस रेल्वे बोगदा १८७१ साली सुरू झाला, तो खणताना हवेवर चालणारी छिद्रयंत्रे वापरली होती. मात्र ती हवा दाबायला डोंगरातल्या पाण्याचा जोर लावला होता. टाटा मोटर्सने २००७ मध्ये हवेवरील गाडीसाठी परदेशी कंपनीशी करार केला, पण ती गाडी आपल्या बाजारात आली नाही.

तेव्हा कोणी फुकटच्या हवेवर पंप देतो म्हणाला तर एवढेच विचारा, "हवा दाबतो कोण, आणि त्याचा खर्च किती?" आडातच नसेल तर पोहऱ्यात येणार कुठून!