मुरमाच्या वाटेने

मुलांनो, तुमच्यापैकी किती जण सायकलीने शाळेत येतात? बरेच असतील. मग हा अनुभव तुम्हांला नवा नाही. डांबरी रस्त्याच्या अगदी कडेने तुम्ही चालला आहात. मागून ट्रकचा कर्कश भोंगा वाजतो. डावीकडे डांबर एकदम संपते आणि खाली वीतभर खड्डा असतो. उजवीकडून भरलेला ट्रक जातो, त्याच्या वाऱ्याने हँडल डगमगते. ट्रक गेल्यावर डोळ्यांत धूळ आणि छातीत धडधड उरते. घरी मात्र हे कोणी सांगत नाही. सांगितले तर सायकल बंद होईल ना!

चंद्रपूर जिल्ह्यातील गडचांदूर हे असेच ट्रकांच्या वर्दळीचे गाव आहे. राजुऱ्याहून कोरपन्यामार्गे आदिलाबादकडे जाणारा रस्ता इथून जातो. इथल्या जमिनीत चुनखडीचा दगड आहे. त्यापासून सिमेंट होते, म्हणून या भागात सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले. राजुरा-बल्लारपूरकडे कोळशाच्या खाणी आहेत. दगड, कोळसा आणि सिमेंट यांची ने-आण सतत चालू असते.

पण गावाच्या दक्षिणेकडे मान वळवून पाहा. तिथे निळसर डोंगररांग दिसते. तो माणिकगडचा पहाड. 'पहाड' हा शब्द वाचून तुम्हांला घरचे माणूस भेटल्यासारखे वाटले असेल. पुस्तकातल्या मराठीत आपण 'डोंगर' म्हणतो. इथले लोक 'पहाडावर चाललो' असे म्हणतात. विदर्भाच्या बोलीत असे शब्द पुष्कळ आहेत. शिवाय राजुऱ्याचा हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५९ साली तो चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्याला जोडला गेला. निजामाच्या काळात इथल्या कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चाले.

गडचांदूरहून अमलनाला धरणाच्या बाजूने जिवतीकडे जाणारा मुख्य रस्ता आता डांबरी आहे. त्याला ठिकठिकाणी फाटे फुटतात. काही फाटे मुरमाचे असतात, तर काही नुसत्या गाडीवाटा. मराठीत या प्रत्येकाला वेगळे नाव आहे. बांधतात तो रस्ता. माणसांच्या आणि गुरांच्या पायांनी पडते ती वाट. दोन शेतांच्या मधून बैलबंडी जाते ती पांदण. सायकलीला तिन्ही चालतात. ट्रकला मात्र पहिलाच लागतो. आपल्याला हवी असलेली गोष्ट नेमकी इथे आहे.

अशा खडबडीत, वाहने नसलेल्या वाटांवर सायकल चालवण्याची आवड आता जगभर पसरली आहे. त्यासाठी 'ग्रॅव्हल बाइक' नावाची खास सायकल मिळते. ग्रॅव्हल म्हणजे बारीक खडी. या सायकलीचे टायर साधारण ३५ ते ५० मिलिमीटर रुंद असतात. तिची किंमत ऐकून घाबरू नका. तुमच्या आजोबांची काळी, उंच सायकल आठवा. तिच्या टायरवर २८ × १½ असे लिहिलेले असते. दीड इंच म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटर. म्हणजे दुकानात आज जी नवलाई म्हणून विकली जाते, ती आजोबांच्या ओसरीत कधीचीच उभी आहे! ती सायकल मुळात कच्च्या रस्त्यांसाठीच बनली होती. मोठी चाके खड्ड्यात अडकत नाहीत आणि सीटखालच्या स्प्रिंगा धक्के झेलतात.

हवा भरलेल्या टायरचा जन्मही खडबडीत वाटेमुळेच झाला. पूर्वी सायकलीच्या चाकांवर भरीव रबर असे. बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाचे जनावरांचे डॉक्टर राहत होते. त्यांच्या लहान मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर फार आदळे. डनलॉप यांनी रबराची नळी करून तिच्यात हवा भरली आणि ती चाकांवर बसवली. १८८८ साली त्यांनी या शोधाचे पेटंट घेतले. मुरमावर जाताना हीच युक्ती आपण थोडी पुढे नेतो. टायरमधली हवा किंचित कमी करतो. मऊ टायर लहान खडा आपल्या पोटात घेतो आणि जमिनीला जास्त चिकटतो. पण हवा फार कमी केली तर रिम दगडावर आपटते आणि ट्यूब फाटते. म्हणून पंप बरोबर हवाच.

आता चढ सुरू होतो. इथे आजोबांची सायकल थोडी हरते. समजा, पायडलजवळच्या चाकाला ४४ दाते आहेत आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक जवळजवळ अडीच फेरे घेते आणि सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे छान. चढावर मात्र गुडघे बोलू लागतात. गिअरच्या सायकलीत पुढचे आणि मागचे दाते सारखे करता येतात. मग एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटरच सरकते, पण जोरही तेवढाच कमी लागतो. गिअर नसेल तर काय करावे? उतरून ढकलावे. त्यात लाज कसली? उलट ढकलताना पायांखालची जमीन दिसते. खाली चुनखडी होती. वर चढताना काळा बसाल्ट लागतो. तोच झिजून, कुजून लालसर मुरूम होतो.

वर पोहोचल्यावर पहिली जाणवते ती शांतता. मुरमावर टायरची कुरकुर ऐकू येते, सागाचे मोठे वाळके पान पडलेले ऐकू येते. सुमारे ५०० मीटर उंचीवर माणिकगडाचा जुना किल्ला आहे. पठारावर गोंड आणि कोलाम लोकांच्या वस्त्या आहेत. मराठवाड्यातून येऊन वसलेली कुटुंबेही आहेत. कोलाम मुले घरी कोलामी बोलतात. तुमच्यासारखीच मराठी त्यांचीही दुसरी भाषा आहे. त्यांच्याशी बोलताना चुका होतील म्हणून बिचकू नका. दोन्ही बाजूंनी होतील.

मात्र हे वाघाचे रान आहे, हे विसरू नका. राजुरा परिसरात अनेक माणसे मारणारा एक वाघ २०२० साली वनखात्याने पकडला. म्हणून एकटे जाऊ नये. दिवस चांगला वर आल्यावर निघावे आणि ऊन उतरण्याआधी परतावे. आधी गावातल्या माणसांना विचारावे. ते 'आज नको' म्हणाले तर वाद न घालता मागे फिरावे. वनखात्याने बंद केलेल्या वाटेवर जाऊच नये.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. इटलीत तस्कनी नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथले पांढऱ्या खडीचे जुने रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, म्हणून १९९७ साली ९२ जण जुन्या सायकली घेऊन त्या रस्त्यांवरून निघाले. त्या फेरीचे नाव 'एरोइका'. आता दरवर्षी हजारो लोक तिथे जमतात. मग आपणही पहाडावरचा मुरूम वाचवा, असे म्हणावे का? मला तसे म्हणवत नाही. सायकलवाला सकाळी येतो आणि दुपारी घरी जातो. वस्तीतल्या माणसाला पावसाळाही त्याच वाटेवर काढायचा असतो. शेजारच्या गडचिरोलीच्या दुर्गम भागात आजाऱ्याला खाटेवर घालून खांद्यावरून पक्क्या रस्त्यापर्यंत न्यावे लागल्याच्या बातम्या आपण वाचतो. वाट चिखलाची आणि एसटी येत नाही, म्हणून एखाद्या मुलीची शाळा सुटते. तिला डांबर हवे असेल तर ते तिला मिळालेच पाहिजे. आपल्याला पांदणी उरतील. फक्त त्या डांबरी रस्त्याच्या कडेला सायकलीपुरती चार हात मुरमाची पट्टी सोडली, तर तीच मुलगी न घाबरता शाळेत जाईल. रस्ता आखणाऱ्यांना हे सुचत नाही, कारण ते बहुधा जीपमधून येतात.

आता परतीचा उतार. चढापेक्षा तो अवघड असतो. मुरमाचे खडे चाकाखाली गोट्यांसारखे फिरतात. पुढचा ब्रेक जोरात दाबला तर पुढचे चाक घसरते आणि तुम्ही जमिनीवर. बहुतेक सायकलींत उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. आपल्या सायकलीचा कोणता, ते घरीच पाहून ठेवा. आधी मागचा ब्रेक लावा, मग पुढचा हळूहळू. वळण येण्यापूर्वीच वेग कमी करा, वळणात नाही. दोन्ही पायडल एका पातळीत ठेवून सीटवरून थोडे उठा आणि कोपर सैल सोडा. नजर चाकापाशी नको, समोर दहा-पंधरा मीटरवर असू द्या. खड्ड्याकडे टक लावून पाहणारा हमखास खड्ड्यातच जातो.

खाली मुरूम संपतो आणि काळे डांबर लागते. तिथे उतरा. दोन्ही हातांनी सायकल धरून उभे राहा. एक ट्रक जाऊ द्या, दुसरा जाऊ द्या. मग रस्ता ओलांडा.

स्वाध्याय

१. सायकलीने येणारी मुले रस्त्यावरची भीती घरी का सांगत नाहीत?
२. रस्ता, वाट आणि पांदण यांतील फरक सांगा.
३. मुरमावर जाताना टायरमधली हवा किंचित कमी का करतात? फार कमी का करू नये?
४. पहाडावर डांबरी रस्ता व्हावा की नाही? लेखकाचे मत सांगा आणि आपले मत चार-पाच वाक्यांत लिहा.
५. आपल्या सायकलीच्या दोन्ही दातेरी चाकांचे दाते मोजा. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते, ते दोरीने मोजून वहीत लिहा.
६. मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांत असलेले पाच शब्द या पाठातून शोधा.